पेटी स्वस्त, अक्षर महाग

१९९९ च्या ऑक्टोबरात बाबा आणि मी पानिपतहून सकाळच्या बसने दिल्लीला गेलो, कम्प्युटर आणायला. बाबा इथल्या खत कारखान्यातून आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. कारखाना १९७९ मध्ये सुरू झाला तेव्हाच ते साताऱ्याहून इकडे आले. निवृत्तीनंतर गावी परतायचे हे घरात धरूनच चालले होते, पण ते परतले नाहीत. कारण एक काम त्यांच्या हातात होते आणि ते काम इथेच राहून करण्यासारखे होते.

राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. त्यात १७५० ते १७६१ ची पत्रे आहेत. पानिपतच्या मोहिमेचा माग काढणारा प्रत्येक जण तिथवर जातोच. बाबांना पत्रांतल्या राजकारणात फारसा रस नव्हता; त्यांना रस होता गावांच्या नावांत. पडाव कुठे पडला, नदी कुठे ओलांडली, दाणा कुठून आला. अशी नावे काढून ते स्कूटरवरून ती गावे गाठत. कुंजपुरा, समालखा, गनौर, यमुनेपलीकडचे बागपत. तिथले म्हातारे काय सांगतात तेही टिपून घेत. म्हाताऱ्यांची हरयाणवी आणि बाबांचे मराठी टिपण, अशी सहाशेच्या वर कार्डे बुटांच्या खोक्यांत साठली होती. ती वर्णक्रमाने लावायची, हवी तशी पुन्हा लावायची आणि एक दिवस पुस्तक करायचे. कम्प्युटर हवा होता तो एवढ्यासाठीच. रोज दोन तास टंकायचे, बस्स.

आम्ही गेलो ते नेहरू प्लेसला. दिल्ली विकास प्राधिकरणाने दक्षिण दिल्लीत कचेऱ्यांसाठी बांधलेला हा परिसर नव्वदच्या दशकात उत्तर भारतातला कम्प्युटरचा बाजार होऊन बसला होता. वर कंपन्यांची ऑफिसे, खाली फरसबंदीवर पथाऱ्या टाकून सीडी विकणारी पोरे, आणि मधल्या मजल्यांवर खुर्चीएवढ्या जागेत थाटलेली दुकाने. ही दुकाने कम्प्युटर विकत नसत, कम्प्युटरचे भाग विकत. भाग जोडून मिळत त्याला सगळा बाजार 'असेंबल्ड' म्हणे. हा शब्द तेव्हा हिंदी, मराठी, पंजाबी असा सगळीकडचाच झाला होता.

हा बाजार आपोआप उगवलेला नव्हता. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली. त्याच सुमारास एचसीएलसारख्या देशी कंपन्या उभ्या राहिल्या, पण परवाने आणि आयातकर यांच्यामुळे कम्प्युटर ही बँकांनी आणि सरकारी खात्यांनी घ्यायची वस्तू राहिली. नोव्हेंबर १९८४ च्या कम्प्युटर धोरणाने सुट्या भागांवरचा कर उतरवला आणि खासगी उत्पादकांना वाट मोकळी केली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात सामील झाला, आणि २००५ पर्यंत या मालावरचा आयातकर टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचे त्याने कबूल केले. आम्ही गेलो ते या उताराच्या मधल्या पायरीवर. तैवानचा मदरबोर्ड, कोरियाची रॅम, सिंगापूरची हार्ड डिस्क आणि जोडणारा बहुधा करोल बागेतला मुलगा. कंपनीच्या पीसीत हेच भाग असत, पण त्यांच्यावर पूर्ण कर, जाहिरात, वितरक आणि वॉरंटी यांचा थर चढलेला असे. असेंबल्डमध्ये तो थर नव्हता. बरेचदा पक्के बिलही नसे. मध्यमवर्गाचा स्वस्त संगणक या कच्च्या बिलावर उभा राहिला, हे इतिहास लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

बाबा इंजिनियर, त्यामुळे यादी घरूनच करून नेली होती. पेंटियम नको, सेलेरॉन चालेल. टंकायला वेग कशाला? साउंड आणि ग्राफिक्स बोर्डावरचेच. पण पॉवर सप्लाय आणि मॉनिटर यांत काटकसर नाही, असे त्यांनी दुकानदाराला बजावले. त्याचे कारण पानिपत. आमच्या गल्लीत व्होल्टेज संध्याकाळी कुठल्या कुठे जाई. मॉनिटरचे कारण त्यांचे डोळे. आजही कोणी मला साध्या घरगुती कामासाठी काय घेऊ असे विचारले, तर मी हीच दोन नावे आधी सांगतो. लोक प्रोसेसरवर पैसे घालवतात आणि मशीन मरते ते हलक्या पॉवर सप्लायने.

रॅम मात्र यादीप्रमाणे मिळाली नाही. ६४ एमबी लिहिली होती. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, ताइवान में भूकंप आ गया है, रेट रोज़ बदल रहा है." ते खरे होते. २१ सप्टेंबरला तैवान हादरले, चिपचे कारखाने थांबले आणि रॅमचे भाव जगभर भडकले. बाबांनी ३२ वर भागवले. सगळे मिळून एकतीस हजार चारशे झाले, फंडाच्या पैशातून. पेटी मांडीवर घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. मॉनिटरसाठी कंडक्टरने अर्धे तिकीट लावले.

पानिपतात कम्प्युटर ठेवणे म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही. हे शहर सतरंज्यांचे, चादरींचे आणि घोंगड्यांचे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी त्याला हा चेहरा दिला. आणि जगभरचे टाकून दिलेले लोकरी कपडे इथे येतात, रंगांप्रमाणे वेगळे होतात, पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची ब्लँकेटे होतात. त्यामुळे हवेत कायम तूस असते. चार महिन्यांनी कॅबिनेट उघडले तर पंख्यावर करड्या लोकरीची टोपी चढलेली. बाबा दर महिन्याला दाढीच्या ब्रशने ती काढत.

आमच्या शेजारी एक विणकर राहत, मूळचे झंगचे. त्यांच्या जॅकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ टांगलेली असे. भोक असेल तिथे सुई आत जाते, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे नाही. १८०४ च्या सुमारास ल्याँच्या जॅकार्डने ही युक्ती पक्की केली, बॅबेजने ती आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलेरिथने भोकांच्या कार्डांवर माणसे मोजली. बाबांनी हे सगळे शेजाऱ्यांना रंगवून सांगितले. ते आमचा पीसी बघायला आले, कीबोर्डकडे पाहिले आणि म्हणाले, "तो इसका कपड़ा कहाँ निकलता है?" बाबांनी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सुरू करून दाखवला. कागद कुरकुरत बाहेर आला तेव्हा त्यांचे समाधान झाले.

पण त्या कागदावरची अक्षरे हीच खरी अडचण होती.

पेटी स्वस्त होत होती, देवनागरी नव्हती. हा इतिहास नेहरू प्लेसचा नाही, कानपूर आणि पुण्याचा आहे. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्र घडवले. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. जिस्टचे कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम भारतीय लिप्या दाखवू लागत. त्यामागचा विचार या अंकाच्या वाचकांना आवडावा असा आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचे चेहरे वेगळे, पण वर्णमाला जवळजवळ एकच. मग प्रत्येक लिपीला वेगळा संकेत कशाला? 'क' हा 'क'; तो देवनागरीत दाखवायचा की गुरुमुखीत की बांग्लात, ते नंतर ठरवू. या तत्त्वावरची इस्की ही सांकेतिक व्यवस्था १९८८ मध्ये आखली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती मानक म्हणून घेतली. तिच्यासोबतचा इन्स्क्रिप्ट कीबोर्डही तसाच: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, कळ तीच, शिफ्ट दाबली की 'क'चा 'ख'. आमच्या शेजारच्या आजींची पंजाबी आणि आमची मराठी एकाच कळेवर बसली असती.

बसली असती, पण आमच्याकडे ती व्यवस्था नव्हती. १९९९ पर्यंत कार्डाची जागा सॉफ्टवेअरने घेतली होती. चांगली मराठी सॉफ्टवेअरे हार्डवेअर लॉकसकट मिळत. प्रिंटरच्या पोर्टात ती डबी खोचली नाही तर अक्षर उमटत नसे. छापखान्याला ती परवडत. एकतीस हजार चारशे मोजून आलेल्या माणसाला त्या दुकानात जायचा धीर झाला नाही. असेंबल करणाऱ्या मुलाने "हिंदी फॉन्ट डाल देता हूँ, फ्री" म्हणून एका फ्लॉपीवरून काहीतरी उतरवून दिले. मराठी काय आणि हिंदी काय, लिपी तर एकच.

एकच नाही. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते; बाबांनी ते सोसले. पण त्या फॉन्टात 'ऱ्य' नव्हता. 'दर्या' निघे, 'दऱ्या' निघत नसे. रफार वर चढतो, पण मराठीला लागणारा तो आडवा, पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, म्हणून करणाऱ्याने तो केलाच नव्हता. 'सुऱ्या', 'वाऱ्या', 'म्हाताऱ्या'. इतिहासाच्या टिपणात हे शब्द पदोपदी. बाबांनी तोडगा काढला: टंकायचे रफारानेच, आणि छापून आल्यावर प्रत्येक ठिकाणी रफार खोडून पेनने पापणी काढायची. निळ्या शाईची ती पाने माझ्याकडे आहेत. चाळीसएक पाने छापून झाली, मग रिबन महाग पडते म्हणून त्यांनी छापणे थांबवले आणि टंकणे चालू ठेवले.

दुसरी खोड आम्हाला उशिरा कळली. इस्कीत 'क' हा 'क' म्हणून साठतो. त्या फॉन्टात तसे काहीच नव्हते. कम्प्युटरच्या लेखी बाबा इंग्रजी अक्षरेच टंकत होते. फॉन्टने त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवले होते, एवढेच. साताऱ्याच्या चुलतभावाला फ्लॉपी पाठवली तर त्याच्याकडे नुसता इंग्रजी अक्षरांचा भुसा. त्याने पाठवलेल्या फायलीची इकडे तीच गत, कारण त्याचा फॉन्ट तिसराच. एकाच घरातले दोन मराठी माणसे, दोन मराठी कम्प्युटर, आणि पत्र जायचे ते पोस्टानेच.

वास्तविक इलाज तेव्हाच निघाला होता. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तीही इस्कीच्या मांडणीवर बेतलेली. २००० मध्ये आलेल्या विंडोजच्या आवृत्तीत मंगल हा फॉन्ट आला. तो काढला होता र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने. अक्षरावर असे प्रेम करणाऱ्या माणसाचे काम फुकट घरोघर पोहोचत होते. पण त्या विंडोजला ३२ एमबी पुरत नसे. तैवानच्या भूकंपाचा धक्का आम्हाला असा दोन वर्षांनी बसला. पुढे एक्सपी घातली, तर तिच्यात भारतीय लिप्यांची सोय वेगळी निवडून, सीडी घालून सुरू करावी लागे. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. २००५ मध्ये एचसीएलने ९,९९० रुपयांचा पीसी बाजारात आणला तेव्हा बाबांनी ती बातमी कापून ठेवली. त्यांनी टंकायचे बंद केले होते. डोळे गेले होते.

ते गेल्यावर फायली माझ्याकडे आल्या. मशीन कधीच भंगारात गेले होते. गेल्या हिवाळ्यात मी एक डेस्कटॉप घेतला. नवा नव्हे. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, पुसूनपासून विकलेला. त्यात रॅम वाढवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. घरगुती कामाला याहून जास्त लागत नाही, आणि दुसऱ्याने टाकलेल्या मालातून धडका धागा काढणे हे या शहराला शिकवावे लागत नाही.

मग छापलेली चाळीस पाने एका बाजूला आणि भुशाची फाईल दुसऱ्या बाजूला ठेवून बसलो. कोणत्या इंग्रजी चिन्हाचा कोणता मराठी तुकडा, याचा तक्ता करायला नऊ संध्याकाळी लागल्या. तक्ता जमल्यावर उरलेली सगळी टिपणे पाच मिनिटांत युनिकोडमध्ये उतरली. गावे परत आली. नद्या आल्या. फक्त पापणी आली नाही. ती फाईलमध्ये कधी नव्हतीच, ती निळ्या शाईत होती, आणि या पानांना शाई लागलीच नव्हती. बहुतेक ठिकाणी अर्थावरून कळते. 'म्हातार्या' म्हणजे 'म्हाताऱ्या', दुसरे काय असणार. मी एकेक दुरुस्त करत गेलो.

समालख्याच्या अलीकडच्या एका गावाच्या नोंदीशी थांबलो. तळ्याकाठचा एक उंचवटा आहे, आणि ऐंशी वर्षांच्या एका शेतकऱ्याने सांगितलेली ऐकीव गोष्ट बाबांनी टिपली आहे: 'येथे दक्षिणेतल्या आचार्यांची पाले होती असे म्हणतात. ते मागे राहिले, परत गेले नाहीत.' आचार्यांची, की आचाऱ्यांची? लष्कराबरोबर यात्रेकरू होते, शास्त्रीपंडित होते. स्वयंपाकी तर असणारच. म्हातारा 'पंडित' म्हणाला असेल किंवा 'रसोइया'. बाबांना माहीत होते. मूळ कार्ड खोक्यात नाही. पावसात एक खोके गेले, त्यात ते असावे.

फेब्रुवारीत मी त्या गावी जाऊन आलो. उंचवट्यावर आता पाण्याची टाकी आहे. म्हाताऱ्याचा नातू भेटला, त्याने चहा पाजला, पण गोष्ट त्याने ऐकलेली नव्हती. तूर्त मी दोन्ही रूपे टंकून मध्ये तिरकी रेघ ठेवली आहे.