संशोधनातले शोधन

हिंदी वृत्तपत्रात ‘संविधान संशोधन’ असा मथळा दिसला की मराठी वाचक क्षणभर थबकतो. आपल्याकडे ती घटनादुरुस्ती. संशोधन म्हणजे प्रयोगशाळेत नाहीतर दप्तरखान्यात चालते ते. दोन्हींचा धातू मात्र एकच, ‘शुध्’, म्हणजे स्वच्छ होणे. हिंदीने सुधारण्याचा अर्थ हाताशी ठेवला, मराठीने धुंडाळण्याचा.

तरी जुना अर्थ मराठीतून गेलेला नाही. रक्तशोधक काढा रक्त शोधत नाही, ते शुद्ध करतो. छापखान्यातला मुद्रितशोधक चुका शोधतो आणि मजकूर शुद्ध करतो. त्याच्या नावात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ते काम याच जातीचे. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याचे संस्थापक वि. का. राजवाडे यांच्या डोळ्यांपुढेही निव्वळ जुने कागद गोळा करणे नसणार. कागद मिळवायचा, वाचायचा, तपासायचा आणि मग इतरांच्या हाती द्यायचा, असा ‘संशोधन’ या शब्दाचा पल्ला आहे.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आज याच पल्ल्यातली बरीच कामे चालतात. संशोधकाला ऑर्किड (ORCID) हा ओळखक्रमांक काढून देणे, नियतकालिक भरवशाचे आहे की पैसे उकळणारे ते सांगणे, वाङ्मयचौर्याची तपासणी, प्रबंध ‘शोधगंगा’वर चढवणे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात आता काही लाख प्रबंध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली नसती, तर यातले बहुतेक बासनातच राहिले असते.

एक मराठी प्रबंध जवळून पाहू. तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला आहे. पडद्यावर देवनागरी स्वच्छ दिसते. पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला बाहेर पडतो. शोधयंत्राला तोच काला दिसतो. ‘ओवी’ हा शब्द प्रबंधात शेकडो वेळा आला असला तरी यंत्राच्या लेखी तो एकदाही आलेला नसतो. ग्रंथालयातली कुणीतरी सहायक मग शीर्षक, सारांश, विषयशब्द युनिकोडमध्ये पुन्हा टंकते, मार्गदर्शकांचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते ते एका तऱ्हेवर आणते, प्रकरणांच्या फायली वेगळ्या करते. मुद्रितशोधकाचे आणि तिचे काम सख्खे आहे. ते शोधनच आहे, आणि वार्षिक अहवालात त्याला ओळसुद्धा नसते.

अहवालात काय असते? किती प्रबंध चढवले, किती डाउनलोड झाले, किती कार्यशाळा घेतल्या. याला आपण ‘मूल्यमापन’ म्हणतो. हा जोडशब्द फार प्रामाणिक आहे. ‘मूल्य’ निघाला ‘मूल’वरून, म्हणजे मुळापासून, त्याचेच घरगुती रूप मोल. ‘मापन’ आले ‘मा’ या मोजण्याच्या धातूवरून. शब्दाने आधी मोल ठेवले आणि मग माप. आपण मात्र जे मोजता येते तेच मोलाचे धरून बसलो.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीत याचा फटका थेट बसतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. जुन्या फाँटमधला प्रबंध यंत्रात घातला तर साम्य नगण्य निघू शकते, कारण यंत्राने मराठी वाचलेलीच नसते. आकडा उत्तम, प्रमाणपत्र तयार, आणि तपासणी झालेलीच नाही. उचलेगिरी करणारा सुटतो आणि प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यालाही पोकळ प्रमाणपत्र मिळते. मला हे गंभीर वाटते.

ग्रंथालयाने आपल्या सेवेची पारख करायची असेल तर वर्षभरात चढवलेल्या मराठी प्रबंधांतले पंचवीस उचलावेत. प्रत्येकाच्या शीर्षकातला एक आणि आतल्या प्रकरणातला एक शब्द शोधखिडकीत टाकावा. किती सापडले, किती फायली उघडल्या, आतला मजकूर किती वेळा हाती लागला, हे लिहून काढावे. जे सापडले नाहीत त्यांची यादी करून आधी ते दुरुस्त करावेत, आणि ते करणाऱ्या सहायकाचे तास अहवालात तिच्या नावासह नोंदवावेत.