माझी आई कुठं असंल?

आमच्या घरातली सगळ्यात जुनी गोष्ट नरकाची आहे. शिरवळच्या घरात आजी ती सांगायची. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर पणजोबांनी वाईकडे मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची आई तोवर गेली होती. ती जेजुरीच्या खंडोबाची. चंपाषष्ठीला तळी भरायची, आणि दुष्काळात स्वतःच्या वाट्याची भाकरी पोरांपुढे सरकवायची. पणजोबांनी एका उपदेशकाला विचारलं, "माझी आई कुठं असंल?" तो म्हणाला, ख्रिस्तावाचून मेली ती नरकात, आणि तिथून सुटका नाही. पणजोबा काही बोलले नाहीत. पण कित्येक रविवार उपासनेला गेले नाहीत.

लहानपणी मला हे दुःख आमच्याच घरचं वाटायचं. पुढे कळलं की याच प्रश्नावरून तिकडे बोस्टनमध्ये मोठं वादळ उठलं होतं, आणि तेही पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या आधीच. वाई-साताऱ्याचं काम ज्या अमेरिकन मराठी मिशनचं, त्याचेच एक मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म १८४७ चा, मुंबईतला. १८७४ पासून ते अहमदनगरला होते. १८८६ मध्ये रजेवर मायदेशी असताना अँडोव्हरच्या धर्मशिक्षणसंस्थेतल्या मेळाव्यात त्यांनी नव्या विचाराची बाजू घेतली. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, त्यांना मरणानंतर तरी संधी मिळेल, अशी आशा धरायला हरकत नसावी, असा तो विचार. सगळेच तरतील असं काही ते म्हणत नव्हते. तरीही मिशनच्या बोस्टनमधल्या चालकांनी त्यांची परतपाठवणी अडवून धरली. वाद रंगला, आणि १८८७ मध्ये ते नगरला परत आले. पणजोबांना ह्यूमसाहेबांसारखा कुणी भेटला असता तर, असं मला राहून राहून वाटतं.

मंडळीच्या इतिहासात ही आशा तशी जुनीच. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने तर शेवटी सगळी सृष्टीच देवाकडे परतेल अशी आशा धरली होती. पुढे त्याच्या नावावरच्या मतांना चर्चने पाखंड ठरवलं.

पण मला जास्त हलवतात ते नीळकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित. जॉन म्यूर यांच्या हिंदू धर्मावर टीका करणाऱ्या 'मतपरीक्षे'ला उत्तर म्हणून त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. घडीभरच्या आयुष्यातल्या पापाला कधीच न संपणारी शिक्षा, हा कसला न्याय, ही त्यातली एक हरकत. १८४८ मध्ये तेच ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोरे झाले, आणि पुढे त्याच शिक्षेच्या समर्थनार्थ त्यांनी पुस्तिका लिहिली. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवण्यात या माणसाचा मोठा वाटा. इतक्या प्रामाणिक माणसाला ही हरकत सहजासहजी सुटली असेल असं मला वाटत नाही.

आमच्या पणजोबांना पुन्हा मंडळीत आणलं ते कुठल्या पुस्तकाने नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आयुष्याच्या शेवटी साताऱ्यात राहिले. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसालाही तिथे जागा होती. पणजोबा तिथे जाऊन आले, एवढंच आजीला ठाऊक होतं. त्यानंतर ते घरच्या प्रार्थनेत आईचं नाव घेऊ लागले. प्रॉटेस्टंट रीतीत मेलेल्यांसाठी प्रार्थना बसत नाही. पण त्यांनी कुणाला विचारलं नाही.

यावर आमच्याकडे भांडण व्हायचं. चुलत आजोबांना हे अजिबात पटत नसे. ते म्हणत, "समदेच तरणार असतील तर आपण भावकी कशाला तोडली? गावानं पाण्याला बंदी केली ती कशापायी सोसली?" ह्यूमसाहेबांच्या विरोधकांचाही आक्षेप थोडाफार हाच होता, की नरकाचं भय गेलं तर मिशनचा जोरच जाईल. आक्षेप खरोखर जड आहे. ज्यांनी किंमत मोजली, त्यांना तो घ्यायचा हक्क आहे.

आजी मात्र चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "भाऊजी, माझा बा नरकाला भिऊन ख्रिस्ती झालाच न्हाई. त्याला कुणीतरी जवळ बसवून जेवू घातलं, म्हणून झाला. मग ज्या मायनं त्याला आधी जेवू घातलं, तिला देव दारातनं परत पाठवंल व्हय?"

चुलत आजोबा यावर बायबल उघडून, भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना राज्य आणि न घालणाऱ्यांना सार्वकालिक शिक्षा सांगणारा मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढायचे, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.