खरड छाटणीचे दिवस

दिंडोरीत इतिहासाचा विषय निघाला की बोलणे हटकून १६७० सालाकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. सुरतेहून परतताना महाराजांनी वणी-दिंडोरीच्या मैदानात दाऊदखानाच्या मोगली फौजेशी उघड्यावर झुंज दिली, हे येथे शाळकरी पोरही सांगते. पण मला आज ज्या इतिहासाविषयी लिहावयाचे आहे त्यात तलवार नाही की घोडा नाही. आहेत ती पाणी, चाक आणि माणसाचे दोन पाय.

पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता, अशा शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. या नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सान डिएगोच्या मिशन बे येथे झाली. धावपटूंच्या एका क्लबाने रोजच्या धावण्याचा कंटाळा घालविण्यासाठी ती योजली होती. तीत भाग घेणाऱ्यांत नौदलाचा एक अधिकारी होता, जॉन कॉलिन्स. पुढे त्याची बदली हवाई बेटांवर झाली, आणि तेथे एका बक्षीस समारंभात वाद निघाला की, अधिक काटक कोण? पोहणारा की धावणारा? कॉलिन्सने सायकलवाल्याचीही बाजू मांडली आणि तोड काढली की, बेटावरील तिन्ही मोठ्या शर्यती जोडाव्यात आणि एका दिवसात पुऱ्या कराव्यात. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन! जो पहिला येईल त्यास लोहपुरुष म्हणावयाचे.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले. बारा जणांनी शर्यत पुरी केली. सायकलीवरून उतरताना जॉन डनबर पुढे होता; धावताना त्याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. मागून आपल्या चालीने येणाऱ्या गॉर्डन हॅलरने त्यास गाठले आणि ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत तो पहिला आला. या खेळाचा स्वभाव पहिल्याच दिवशी असा दिसून आला. येथे आरंभीचा वेग फारसा कामाचा नसतो. शेवटच्या तासासाठी काय शिल्लक ठेवले आहे, यावर निकाल ठरतो.

२००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले, १.५, ४० आणि १० किलोमीटर ही तेथील अंतरे. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमन शर्यत झाली. आता आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांच्या हातातही त्या शर्यतींची चित्रे असतात आणि एखादा विचारतो, "सर, तीन महिन्यांत होईल का?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते मुलांना आवडेल असे नाही.

शंभर वर्षे मागे जाऊ. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांस सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी मुले अनवाणी धावत होती. त्यांचे वेग पाहून टाटा थक्क झाले आणि या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले ॲन्टवर्पची मॅरेथॉन धावले. ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन, ४२.७५ किलोमीटरांची. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. आपल्या मातीत दम नव्हता असे कोण म्हणेल? दम होता, त्या दमास वर्षानुवर्षे वळण देणारी व्यवस्था मात्र नव्हती.

ती पद्धत काय असते, हे न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने दाखविले. हा गृहस्थ जोड्यांच्या कारखान्यात काम करी आणि फावल्या वेळात शेजारपाजारच्या पोरांना धावण्यास शिकवी. ज्याला केवळ ८०० मीटर धावावयाचे त्यालाही तो कित्येक महिने आठवड्यास शंभर मैल धाववीत असे, आणि तेही बव्हंशी दम न लागता बोलता येईल अशा बेताने. लोक हसले. १९६० साली रोमला त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरांचे आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरांचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळविले, तेव्हा हसणे थांबले.

आता दिंडोरीच्या माणसाला ही गोष्ट कळावयास न्यूझीलंडला जावे लागू नये. आमच्या तालुक्यात द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर हाती एक घड येत नाही. खर्च होतो, उन्हात पाणी द्यावे लागते, आणि बघणाऱ्यास वाटते की, माणूस नुसती पाने वाढवीत बसला आहे. पण पुढच्या हंगामाचा घड त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्मरूपाने तयार होत असतो. ज्याने खरड छाटणीत हयगय केली त्याला ऑक्टोबरात कोणताही फवारा वाचवू शकत नाही. नवशिक्याचे पहिले सहा-आठ महिने हे खरड छाटणीचे महिने होत.

याचे कारण शरीराच्या घडणीतच आहे. नियमित व्यायामाने हृदय आणि रक्त काही आठवड्यांतच नव्या कामास सरावतात. स्नायूही फार मागे राहत नाहीत. पण स्नायू हाडास बांधणारे दोर आणि खुद्द हाडे यांना महिनेच्या महिने लागतात. हाड तर नव्या भारापुढे आधी थोडे झिजते आणि मग भरून मजबूत होते. म्हणून दुसऱ्या महिन्यात नवशिक्याची छाती म्हणते, "चल, अजून पाच किलोमीटर!" आणि नडगी म्हणते, "थांब!" तो छातीचे ऐकतो आणि जायबंदी होऊन घरी बसतो. जुन्या तालमीत नव्या पोराला आधी हौदा खणावयास लावीत, कुस्तीस मागाहून. वस्तादाने शरीरशास्त्र वाचले नव्हते, पण त्याला हे ठाऊक होते.

या तिन्ही वाटांवर आपल्या जिल्ह्याची माणसे चाललेली आहेत, हे मुलांना सांगावयास हवे. सावरपाड्याची कविता राऊत शाळेत अनवाणी धावे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरांत तिने कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा, सुमारे ४,८०० किलोमीटर, सायकलीने नऊ दिवसांच्या आत ओलांडला. आणि आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ! विहिरी खणण्याचे काम केलेला हा मुलगा २०१२ साली सैन्यात गेला तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटे. चार वर्षांनी रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हविण्याच्या शर्यतीत तो तेरावा आला. २०१८ साली आशियाई स्पर्धेत पालेंबांगला आजारी असताना वैयक्तिक अंतिम शर्यतीत तो शेवटचा राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी तीन साथीदारांसह त्याने सुवर्णपदक जिंकले.

मात्र या गोष्टी सांगताना आपण एक लबाडी करतो. अनवाणी धावणारी मुलगी, विहीर खणणारा मुलगा, ही चित्रे आपल्याला इतकी गोड वाटतात की, गरिबीच जणू उत्तम वस्ताद, असा सूर निघतो. ते खरे नव्हे. कविताला विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. दत्तूला सैन्याने पोटभर अन्न, नाव आणि शिकविणारा दिला. धीर दोन प्रकारचा असतो. एक, काहीच हाती नसल्यामुळे वाट पाहत बसण्याचा. दुसरा, रोज थोडे करीत राहण्याचा. पहिला आपण गरिबांस फुकट शिकवितो. दुसऱ्यास बूट लागतात, दूध लागते, शिक्षक लागतो.

आणि पोहण्यासाठी पाणी लागते. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव, एवढी धरणे ज्या तालुक्यात आहेत तेथे किती मुलांना रीतसर पोहता येते? धरणाचे पाणी खोल आणि फसवे असते. तेथे एकट्याने उतरणे हे धाडस नव्हे, आत्मघात आहे. पण शिकविणारा काठावर उभा असेल, कमरेला ट्यूब असेल, तर प्रत्येक मूल पोहू शकते. लोहपुरुष एखादाच होईल. बुडून मरणारे वाचतील ते अनेक.

तेव्हा तीन महिन्यांचा हिशेब विचारणाऱ्यास माझे सांगणे एवढेच. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे, ही लहान शर्यत वर्षभरापुढे ठेव. पाण्यात आधी तोंड बुडवून श्वास सोडावयास शिक. हात मारणे नंतर. बापाची सायकल चालेल, ब्रेक तेवढे नीट पाहून घे. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग कमी कर. सायकलीवरून उतरून धावू लागलास की पाय परक्याचे वाटतील. त्याचाही सराव लागतो. आठवड्यातून एक दिवस काहीही करू नकोस, आणि उरलेल्या दिवसांत खाडा करू नकोस. चार महिने कोणाला काही दिसणार नाही. बागाईतदाराच्या घरचा मुलगा आहेस. खरड छाटणीनंतर घड दिसत नाहीत म्हणून तुझ्या बापाने कधी वेल उपटल्याचे पाहिले आहेस का?