रस्त्याच्या खात्यावर काय मांडावे?

के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, आज बंगळूरच्या पोटात गेले आहे. एके काळी ते शहराबाहेर, मद्रासच्या जुन्या रस्त्यावरचे गाव होते. रस्त्याने गावाचे भाग्य उजळले, असे सांगायला ते सोयीचे उदाहरण. पण श्रेयाचा हिशेब तिथेच अडतो. १८६४ साली मद्रासकडून बंगळूर छावणीला रेल्वे आली ती याच बाजूने. १९४८ मध्ये शेजारच्या दूरवाणीनगरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली, पुढे व्हाइटफील्डला संगणक कंपन्या आल्या. रुळांवरचा केबलचा पूल २००३ मध्ये झाला, तोवर रहदारी पार तुंबली होती. रस्त्याने समृद्धी आणली, तसा समृद्धीनेही रस्ता ओढून आणला. इथे आधीची स्थिती नंतरच्या स्थितीतून वजा करून उरेल ते सगळे रस्त्याच्या खात्यावर मांडणे मला साफ चुकीचे वाटते.

रस्तेबांधणीच्या १९४३ च्या नागपूर आराखड्याने रस्त्यामुळे नेमके काय वाढले हा प्रश्न घेतलाच नाही. शेतीने संपन्न भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे त्याचे उद्दिष्ट. मोजमाप अंतराचे, उत्पन्नाचे नव्हे. उत्पन्न मोजण्याची वाट डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने नकळत उघडली. वस्ती आधी हजारावर, मग पाचशेवर असेल तर रस्ता, असा तिचा सर्वसाधारण नियम. या रेषेच्या जरा वरचे आणि जरा खालचे गाव एरवी सारखेच; म्हणून त्यांच्यातला फरक बऱ्याच खात्रीने रस्त्याचा म्हणता येतो. सॅम अॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच तुलना केली. चारेक वर्षांत माणसे शेतीतून दुसऱ्या कामांकडे वळलेली दिसली. पीक, उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा बदल नाही.

चार वर्षे फार थोडी, हा आक्षेप रास्त आहे. पण नुसते थांबून भागत नाही: वीस वर्षांत कारखाना येतो, कालवा येतो आणि प्रत्येक गावाचे के. आर. पुरम होते. थांबायचेच तर रेषेच्या दोन्ही बाजूंची गावे शेजारी ठेवून थांबावे लागेल. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा: अडलेल्या बाळंतिणीला वेळेत दवाखाना मिळाला, हे कोणत्या उत्पन्नात धरणार? ते उत्पन्नात धरूच नये. त्याची नोंद वेगळी व्हावी, आणि रस्ता मंजूर करताना तिला पिकाइतकेच वजन असावे.