बारा नंबरचा कोड

एरर कोडचं दुःख आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन नाही. पण १९८० च्या दशकातल्या अमेरिकन मेकॅनिकचे हाल वाचले आणि आपलं बरं चाललंय असं वाटलं. जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशबोर्डखालच्या सॉकेटच्या दोन पिना चक्क यू-पिनेने जोडायच्या, किल्ली फिरवायची, की 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकायचा. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२. अर्थ काय, तर इंजिन बंद आहे आणि तपासणी यंत्रणा ठीक आहे! क्रायस्लरमध्ये पिना-बिना नाहीत, किल्ली चालू-बंद-चालू-बंद-चालू करायची. तिथे १२ म्हणजे मध्यंतरी बॅटरी काढली होती. १३ म्हणजे एकीकडे ऑक्सिजन सेन्सर, दुसरीकडे मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर. कंपनीचं मॅन्युअल नसेल तर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने करायचं काय?

ही भानगड मिटली ती गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हे, धुरामुळे. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी करणं सक्तीचं केलं, पण कोड कंपन्यांवरच सोडले. मग ओबीडी-टू आलं. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला तेच १६ पिनांचं सॉकेट. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, मग गाडी फोर्ड असो वा टोयोटा. (पिनांवरची भाषा मात्र वेगवेगळीच होती, सगळ्यांना 'कॅन' सक्तीचं व्हायला २००८ चं मॉडेल उजाडलं.)

आणि पी१ ने सुरू होणारे कोड? ते कंपन्यांनी स्वतःकडेच ठेवले. स्टँडर्डला 'व्हेंडर एक्स्टेन्शन'चं भोक असतंच, राव! स्कॅनरवर पी१ दिसला की गॅरेजवाला पुन्हा त्या कंपनीचं मॅन्युअल शोधायला लागतो.