फेअर आयलचा स्वेटर : युवराजाची ऐट आणि विणणाऱ्या स्त्रियांची मजुरी

१/ जुन्या धाटणीचे स्वेटर हाताने विणणाऱ्यांचा एक आवडता नमुना म्हणजे ‘फेअर आयल’. स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या दरम्यान असलेल्या चिमुकल्या बेटाचे हे नाव.

२/ याची रीत अशी : एका ओळीत दोनच रंग. नक्षीत नसलेला धागा मागच्या बाजूने सैल नेला जातो. त्यामुळे वीण दुपदरी आणि उबदार होते. ओळीगणिक रंग पालटल्याने नक्षी मात्र बहुरंगी भासते.

३/ १९२२ मध्ये ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढे राजा झालेला आठवा एडवर्ड, सेंट अँड्र्यूज येथे असा स्वेटर घालून गोल्फच्या मैदानात उतरला. १९२५ च्या एका तैलचित्रातही तो अशाच स्वेटरमध्ये दिसतो. मच्छीमारांचे वस्त्र पाहता पाहता श्रीमंतांची फॅशन झाले.

४/ विणणाऱ्यांचा इतिहास मात्र वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात शेटलंडच्या स्त्रिया विणलेला माल दुकानदाराला देत. मोबदल्यात बहुधा रोख पैसे मिळत नसत. मिळे चहा किंवा कापड. मालाचा आणि वस्तूंचा, दोन्हींचा भाव दुकानदारच ठरवी.

५/ १८७२ साली सरकारी चौकशीपुढे या स्त्रियांनी स्वतः साक्षी दिल्या. १८८७ च्या कायद्याने वस्तुरूप मजुरीला बंदी घातली. तरीही प्रथा लगेच सुटली नाही.

६/ फॅशनच्या इतिहासात युवराजाचे चित्र सहज सापडते. त्या नक्षीची खरी किंमत समजून घ्यायची असेल, तर या साक्षीही वाचायला हव्यात.