आयफेल मनोऱ्याची वेळ, घरच्या यंत्रावर

आपले घड्याळ बरोबर आहे की नाही हे कसे ठरवायचे? दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहायचे, हे सोपे उत्तर झाले. पण ते दुसरे घड्याळ कशाशी ताडायचे? असे मागे मागे जात राहिलो, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काळात आपण शेवटी वेधशाळेच्या दारात येऊन पोहोचतो. ताऱ्यांच्या वेधांवरून खरी वेळ तेथेच ठरत असे. अडचण होती ती ही वेळ वेधशाळेच्या भिंतीबाहेर नेण्याची. ती अडचण कशी सुटली याची हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे. तीत एका प्रचंड मनोऱ्याचा जितका वाटा आहे, तितकाच घरी बनवलेल्या एका साध्या यंत्राचाही आहे.

वेळेची सर्वांत जास्त निकड होती दर्यावर्दी लोकांना. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे वेळेच्या ४ सेकंदांत रेखांश १ मिनिटाने बदलतो. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे १.८५ किलोमीटर भरते. जहाजावरचे घड्याळ जितके चुकीचे, तितके जहाजाचे नकाशावरील स्थान चुकीचे. म्हणूनच ग्रीनविचच्या वेधशाळेवर १८३३ पासून रोज दुपारी ठरल्या क्षणी एक मोठा चेंडू खांबावरून खाली सोडला जाई आणि थेम्स नदीतील जहाजांवरचे लोक तो पाहून घड्याळे लावत. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, त्यामागेही बंदरातील जहाजांना वेळ पुरवणे हा एक हेतू होता. काही बंदरांत तोफ उडवत. पण ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. दोन किलोमीटरवरच्या जहाजाला तोफ सहा सेकंद उशिरा ऐकू येणार, म्हणजे रेखांशात सुमारे पावणेतीन किलोमीटरची चूक! शिवाय बंदर सोडले की चेंडूही नाही आणि तोफही नाही. तारायंत्राने वेळ रेल्वे स्थानकांपर्यंत नेली खरी, पण भर समुद्रात तार कोठून आणायची?

हे काम बिनतारी लहरींनी केले. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभारला गेला तेव्हा त्याला केवळ २० वर्षांची परवानगी होती. मनोरा पाडला जाऊ नये म्हणून गुस्ताव्ह आयफेल यांनी तेथे निरनिराळ्या शास्त्रीय प्रयोगांना उत्तेजन दिले. त्यांतला सर्वांत उपयोगी ठरला तो सैन्यातील अधिकारी गुस्ताव्ह फेरिए यांचा बिनतारी संदेशांचा प्रयोग. ३०० मीटर उंचीचा एरियलचा खांब आयताच मिळाला होता. २३ मे १९१० पासून या मनोऱ्यावरून वेळेचे नियमित संकेत सुरू झाले. पॅरिसच्या वेधशाळेतील घड्याळ तारेने मनोऱ्याच्या प्रेषकाला जोडलेले होते आणि ठरल्या क्षणी ते घड्याळच प्रेषकाला चालना देई.

हे संकेत मुख्यतः जहाजांसाठी होते. पण लहरींवर पत्ता लिहिलेला नसतो. त्या जहाजाकडे जातात तशाच खेड्यातल्या घरावरूनही जातात. फ्रान्समधील घड्याळजी, हौशी विद्यार्थी, शिक्षक यांनी त्या पकडण्यासाठी घरच्या घरी ग्राहकयंत्रे बनवायला सुरुवात केली. साहित्य अगदी साधे. एरियल म्हणून बाहेर ताणलेली लांब तार. ती नसेल तर लोखंडी पलंग किंवा गॅलरीचा कठडा. अर्थिंगसाठी पाण्याचा नळ. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा, त्याला हलके टेकलेले बारीक तारेचे टोक आणि एक संवेदनशील इअरफोन. बॅटरी नाहीच. इअरफोनचा पडदा हलवणारी ऊर्जा थेट मनोऱ्याकडून येत असे.

यातला खडा कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. मनोऱ्याच्या लहरींची लांबी दोन ते अडीच हजार मीटर होती. म्हणजे सेकंदाला सव्वा ते दीड लाख कंपने. इतक्या वेगाने इअरफोनचा पडदा मागेपुढे होऊ शकत नाही. एक धक्का पुढे, लगेच दुसरा तितकाच मागे, परिणाम शून्य. तारेचे टोक खड्यावरील योग्य जागी टेकले, की विद्युत्प्रवाह एका दिशेने सहज जातो, उलट दिशेने जवळजवळ जात नाही. त्यामुळे सगळे धक्के एकाच बाजूचे होतात, त्यांची बेरीज होते आणि प्रेषकातील ठिणग्यांचा आवाज कानी पडतो. ती ‘योग्य जागा’ सापडेपर्यंत खडा टोचत बसावे लागे, हा त्यातला चिकाटीचा भाग. अशा स्फटिकाचा बिनतारी लहरी ओळखण्यासाठी उपयोग करणारे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळाले ते आपल्या जगदीशचंद्र बोस यांना. त्यातही गॅलेनाचाच उल्लेख आहे.

या साध्या यंत्राने काय बदलले? तोवर गावातल्या माणसाला वेळ कळे ती स्टेशनमास्तरच्या किंवा नगरपालिकेच्या घड्याळावरून. ते घड्याळ पाच मिनिटे मागे असले तरी गावाचे काम त्यावरच चाले, कारण तपासायला दुसरे साधन नव्हते. आता पॅरिसपासून ३०० किलोमीटरवर असलेल्या घड्याळजीला वेधशाळेची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या विलंबाने मिळू लागली. गावचे घड्याळ चुकीचे आहे, असे तो पुराव्यानिशी सांगू शकत होता. सत्तेलाही याची जाणीव होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच फ्रान्स व ब्रिटनमध्ये खाजगी ग्राहकयंत्रांवर बंदी आली. जो वेळेचे संकेत ऐकतो तो लष्कराचे संदेशही ऐकू शकतो, ही भीती त्यामागे होती.

तपासणी वेधशाळांचीही होऊ लागली. आकाश अनेक दिवस ढगाळ राहिले की ताऱ्यांचे वेध घेता येत नसत आणि वेधशाळेचे घड्याळ थोडे भरकटे. वेगवेगळ्या देशांचे संकेत एकाच ठिकाणी ऐकणाऱ्याला त्यांच्यातला फरक कळून येई. याच कारणाने १९१२ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि सर्वांच्या वेळा एकमेकींशी जुळवणारी कायमची संस्था असावी असे ठरले.

अचूक तुलनेसाठी वापरलेली युक्ती तर आपल्या प्रयोगशाळेतलीच आहे. समजा, मनोऱ्याचे ठोके एका सेकंदाने नव्हे, तर एकपन्नासांश सेकंद कमी अशा अंतराने येत आहेत. आपल्या घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा पहिला ठोका थोडा उशिरा येतो. पुढचा प्रत्येक ठोका त्या टिकटिकीच्या जवळ सरकतो. पहिल्या ठोक्यानंतरच्या विसाव्या ठोक्याला दोन्ही आवाज एकदम आले, तर सुरुवातीचा फरक २०/५०, म्हणजे ०.४ सेकंद होता. हे झाले कानाने वाचायचे व्हर्निअर कॅलिपर! अशा तुलनांच्या आधारे १९१३-१४ मध्ये पॅरिस व वॉशिंग्टन यांच्या रेखांशांतील फरक बिनतारी संकेतांनी मोजला गेला.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५९ पासून ‘एटीए’ या नावाने लघुलहरींवर वेळेचे संकेत दिले. ती सेवा आता बंद झाली असली तरी भारतीय प्रमाणवेळ ही प्रयोगशाळाच आण्विक घड्याळांच्या साहाय्याने राखते. आज मोबाइलवरची वेळ गॅलेनाच्या यंत्रापेक्षा कितीतरी सोयीची आहे. पण ती कोठून, कोणत्या वाटेने आणि किती उशिरा आली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

म्हणून शिक्षकांसाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. आकाशवाणीचा एकच कार्यक्रम साध्या रेडिओवर आणि मोबाइलच्या इंटरनेटवर एकाच वेळी लावावा. दोन्ही आवाजांतील अंतर विद्यार्थ्यांनी स्टॉपवॉचने मोजावे. मग रेडिओवरचा आवाज तरी त्याच क्षणीचा आहे का, ते विचारावे. तो उपग्रहामार्गे आला असेल, तर जाऊन-येऊन सुमारे ७२,००० किलोमीटरचा प्रवास, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद त्यातच गेला. हा हिशेब ज्या विद्यार्थ्याने स्वतः केला, त्याला वेळ कोणी तयार मिळालेली वस्तू वाटणार नाही. ती मोजावी लागते आणि पाठवावी लागते, आणि मिळाल्यावर तपासताही येते, हे त्याला उमजेल.